ओल्या पायाचा वाटा

आमच्या शहराला एक नदी आहे. तिचं नाव इथे देत नाही, कारण तिची आधीच पुष्कळ बेअब्रू झालेली आहे. नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा ती सकाळी निळी आणि संध्याकाळी तपकिरी वाहायची. त्या दिवशी कुठल्या रंगाचं कापड रंगवलं जातंय हे पुलावरून कळायचं. मी तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठी जायचे आणि दरवर्षी दाखवायला एखादा प्राणी कमी असायचा. शेवटी शेवटी तर मी त्यांना डास दाखवून परत आणत असे. मला त्या नदीची लाज वाटायची आणि मायाही वाटायची. दारूच्या नादी लागलेल्या सख्ख्या काकाबद्दल वाटते ना, तशी.

अशात शहराच्या कारभाऱ्यांनी मनावर घेतलं की हिच्यावर स्लॅब टाकायचा आणि वर गाड्या लावायला जागा करायची. अडचण एवढीच होती की नदीवर असा स्लॅब टाकता येत नाही, नाल्यावर टाकता येतो. म्हणून हा प्रवाह मुळात नदी आहे की नाला, हे ठरवायला एक समिती नेमण्यात आली. तीत मलाही घेतलं. एक बाई हवी होती आणि एक प्राणिशास्त्रज्ञ हवा होता, माझ्यात दोन्ही भागलं.

पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, नदी म्हणायचं कशाला?"

मी म्हटलं, "जिच्यात नदीतले जीव राहतात तिला."

"आणि नदीतले जीव कोणते?"

"ते बघायला एखाद्या धडधाकट नदीवर जावं लागेल."

झालं. ठराव झाला की मी निर्मळ नदीतले जीव बाटलीत घालून आणावेत आणि त्यातला एक तरी आमच्या प्रवाहात सापडला तर ती नदी, न सापडला तर नाला. मी कुठूनही काहीही उचलून आणीन, अशी शंका कोणाला तरी आली. म्हणून साक्षीला ड्रेनेज विभागाचे पोतनीस यांना माझ्याबरोबर पाठवायचं ठरलं. स्लॅबचा आराखडा पोतनीसांनीच केलेला होता आणि निवृत्तीच्या आधी तो उभा राहिलेला बघायचा, ही त्यांची शेवटची हौस होती. म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या. मी घरी सांगितलं की पोतनीस नावाच्या गृहस्थांबरोबर जव्हारला चार-पाच दिवस जातेय. नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "कोण पोतनीस?" मी म्हटलं, "गटारवाले." त्याचं डोकं परत वर्तमानपत्रात गेलं.

जव्हार

तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. भिवंडी, वाडा, विक्रमगड करत एसटी घाट चढली आणि जव्हारच्या पठारावर हवा एकदम गार झाली. कधीकाळी संस्थानाची गादी होती इथे. आता आदिवासी प्रकल्पाचं कार्यालय, शाळा, एसटीचा डेपो आणि बाजार. भात कापून झालेलं होतं आणि खळ्यांवर झोडणी चालू होती.

पोतनीस म्हणजे साठीकडे झुकलेले, गोरेपान, नाकात बोलणारे गृहस्थ. खांद्याला एक पिशवी. तिच्यात लाख, मेणबत्ती, सुतळी, मलमलीचे तुकडे आणि पितळी मोहोर. नमुन्याची प्रत्येक बाटली जागेवर सीलबंद करायची आणि दोन स्थानिक पंचांच्या सह्यांनिशी पंचनामा करायचा, असा त्यांना हुकूम होता. "मॅडम, सील नसेल तर तुमची नदी कोर्टात उभी राहणार नाही," ते मला वाटेत तीनदा म्हणाले. नदी कोर्टात उभी कशाला राहील, हे मी विचारलं नाही. माणूस बोलत असला की एसटी लागत नाही म्हणतात.

विश्रामगृहाच्या खानसाम्यानं रात्रीच्या जेवणाची विचारपूस केली आणि मग आमच्या बाटल्यांकडे पाहिलं.

"तपासणीला आलात?"

"हो. नदी तपासायला."

"काय झालंय तिला?"

"तिला काही नाही. आमची आजारी आहे."

त्यानं समजूतदारपणे मान हलवली. आमच्याकडे आजारी माणसाची पत्रिका दुसऱ्या गावच्या ज्योतिषाला दाखवतात. तसलंच काही असेल, असं त्याला वाटलं असावं. नाचणीची भाकरी, उडदाचं आंबट आणि सुकटीची चटणी त्यानं वाढली. पोतनीसांनी चटणी तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मला कळलं की हा माणूस मासळीसाठी जीव टाकणाऱ्यांपैकी आहे. "घरी डॉक्टरनं आणि बायकोनं मिळून बंद केलंय," ते म्हणाले. त्या रात्री ते सील आणि कोर्ट याविषयी काही बोलले नाहीत.

मोखाडा

नकाशात मोखाड्याच्या बाजूला निळ्या रेघा भरपूर होत्या, म्हणून आधी तिकडे गेलो. उतरून, विचारत विचारत एका पाण्यापाशी पोचलो. पाणी अफाट होतं, आरशासारखं स्वच्छ होतं आणि अजिबात हलत नव्हतं. काठावर छत्री लावून एक म्हातारा राखणदार बसला होता.

मी म्हटलं, "बाबा, ही नदी ना?"

"होती," तो म्हणाला. "आतां धरन आहे. हे पानी अठलं नाय, मुंबईचं आहे. अठं निस्तं थांबलंय."

"यातली एक बाटली भरून घेऊ का?"

त्यानं बराच विचार केला. "मुंबईवाल्यांना इचारलं का?"

मुंबईवाले म्हणजे माझ्यासारखेच, माझ्या नळाला कुठलं तरी असलंच पाणी येतं, हे त्याला सांगायचं मला धैर्य झालं नाही. शिवाय मला थांबलेलं पाणी नको होतं. दगडांखाली राहणाऱ्या, चिखल सोसत नाही अशा किड्यांची पिल्लं मला हवी होती आणि त्यांना खळखळतं पाणी लागतं. तेव्हा बाटली रिकामीच घेऊन आम्ही वरच्या पाड्याकडे निघालो. वाटेत डोक्यावर तीन-तीन हंडे घेतलेल्या बायका भेटल्या. त्या विहिरीवरून येत होत्या आणि धरण त्यांच्या पाठीमागे चकाकत होतं. पोतनीस थांबून एकदा धरणाकडे आणि एकदा हंड्यांकडे बघत राहिले. "पाइपलाइनची अडचण असेल," ते म्हणाले, पण स्वतःलाच पटल्यासारखं नाही.

पाड्यावर पोचलो आणि मी पिशवीतून नमुने तोलायचा छोटा तराजू काढला. बघता बघता माझ्यापुढे रांग लागली. बाया पोरांना कडेवर घेऊन, त्यांचे सदरे काढून उभ्या राहिल्या. त्या वर्षांत या भागात कुपोषणाच्या बातम्यांमुळे इतकी पथकं येऊन गेली होती की बाई, पिशवी आणि काटा असं एकत्र दिसलं की पोरं उघडी करायची, ही तिथली रीतच पडून गेली होती. कोणी बोलावलेलं नव्हतं, कोणी तक्रारही करत नव्हतं.

मी घाईनं म्हटलं, "नाही हो, मी पोरांसाठी नाही आले. मी नदी बघायला आलेय. ती सुदृढ आहे का, ते."

पुढच्या बाईनं पोराला सदरा घालायला सुरुवात केली. "नदीलाबी काट्यावर बसवतां?"

कोणी हसलं नाही, तीही हसली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पोतनीसांनी आपल्या खिशातली श्रीखंडाच्या गोळ्यांची पुडी काढली आणि रांग मोडू न देता एकेका पोराच्या हातावर एकेक गोळी ठेवली. मग आम्ही जव्हारला परत आलो. बाटल्या रिकाम्याच होत्या.

वांगणीच्या अलीकडे

जव्हारच्या बाजारात भोये गुरुजी भेटले. ते जव्हारजवळच्या वांगणीच्या अलीकडच्या एका पाड्यावर शाळामास्तर होते, शनिवार-रविवार जव्हारला घरी यायचे. आमची कहाणी ऐकून म्हणाले, "तुमचा योग चांगलाय. माझ्या पाड्यावर डोह उपसायचाय उद्या. पुढल्या बाजारानंतर अर्धा पाडा मजुरीला भिवंडी-वसईकडे उतरतो. त्याच्याआधी सगळे मिळून एकदा ओढ्याचा डोह उपसतात. तुम्हाला पाहिजे ते आयतं मिळेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही गुरुजींच्या मागोमाग निघालो. जामसरच्या बाजूची शेतं दिसत राहिली, मग रस्त्यानं रस्ता असण्याचं सोंगही सोडून दिलं. पोतनीसांनी ड्रेनेज खात्याचे गुडघ्याएवढे काळे रबरी बूट घातले होते. ते चालताना असे वाजत, की आम्ही येतोय हे पाड्याला आम्ही दिसायच्या आधीच कळलं.

पाड्याचा कारभारी लाहनूबाबा. सुकलेला, उंच, कानात पितळी बाळी. तो पोतनीसांना म्हणाला, "ये. बस. तू दमलास."

पोतनीस बसायचे थांबले. त्यांना 'तू' म्हणणारं बहुधा त्यांच्या आईनंतर कोणी उरलं नसावं. गुरुजींनी हळूच सांगितलं, "इथं सगळ्यांना तूच म्हणतात, साहेब. कलेक्टरलापण." मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे माणसाला अहो-जाहो करून पाठीमागे त्याचा उद्धार करतात, इथे ते काम निम्म्या शब्दांत होतं.

मी लाहनूबाबाला माझं काम समजावलं. खेकडे-मासे नकोत, मला दगडाखालचे किडे हवेत. बायांना सांगा की दगड उचलला की खाली जे वळवळेल ते टोपलीत टाका.

"किडं कजं?" त्यानं विचारलं, म्हणजे किडे कशाला.

"स्वच्छ पाण्यातच जगतात ते. घाण पाण्यात मरतात. ते आहेत म्हणजे पाणी जिवंत."

"आनि पानी जिवंत नसंल तर तुमी काय करतां?"

"वर स्लॅब टाकतो," पोतनीस म्हणाले.

लाहनूबाबानं मान डोलावली. मेलेल्या माणसावर माती टाकतात, त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही.

मग पाडाच्या पाडा ओढ्यात उतरला. दगड आणि चिखल रचून वरचं पाणी बाजूला वळवलं आणि डोहातलं पाणी तांबे, पातेली, तेलाचे डबे, हातात येईल त्यानं उपसायला लागले. मी मात्र काठावरच्या सपाट खडकावर उभी राहिले. माझं जाळं पहिल्याच दगडाला फाटलं होतं आणि पायात नव्या चामडी चपला होत्या. निरीक्षकानं तटस्थ असावं, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. तटस्थ या शब्दात तट आहेच.

पोतनीस तर माझ्यापेक्षा तटस्थ. हातात मोहोर आणि मेणबत्ती घेऊन ते पुढे वाकले आणि शेवाळावरून घसरून पाठीवर, बुटांसकट, डोहाच्या मधोमध जाऊन बसले. रबरी बुटांत पाणी भरलं, त्यामुळे त्यांना उठता येईना. सोनीबाय नावाच्या बाईनं त्यांच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली आणि त्या जागी एक डबा दिला. "बसलाच हाय तर उपस," ती म्हणाली. आणि पोतनीस उपसू लागले. आधी रागानं, मग लयीत, आणि थोड्या वेळानं मी पाहिलं तर ते बाकीच्यांबरोबर हेल काढत होते.

आणि किडे निघाले. चपट्या अंगाचे, शेपटीला तीन धागे असलेले. वाळूचे कण चिकटवून घर करून राहणारे. चतुराची जाडजूड पिल्लं. बाया दगड उलटून ते टोपलीत टाकत होत्या, शिंगट्या माशांबरोबर, झिंग्यांबरोबर, खेकड्यांबरोबर. पुस्तकातून वीस वर्षं शिकवलेला प्राणी मी पहिल्यांदा इतका भरपूर बघत होते. खडकावर उभी राहून मी रडले, हे सांगायला मला काही वाटत नाही.

वाटे

डोह उपसून झाला, बांध फोडून पाणी परत सोडलं, टोपली काठावर आली. मी बाटल्यांची झाकणं काढून तयार होते. पोतनीस निथळत, लाख वितळवायला बसले. तेवढ्यात लाहनूबाबानं जमिनीवर पळसाची पानं मांडायला सुरुवात केली. एकाशेजारी एक, लांबच लांब. मग टोपलीतून तो एकेका पानावर वाटा घालू लागला. एक मासा इथे, एक तिथे. एक खेकडा इथे, एक तिथे. आणि मग माझे किडे. एक इथे, एक तिथे.

मी म्हटलं, "बाबा, अहो किडे नका वाटू. ते माझे आहेत."

"पान्यातून काढलं ना?"

"हो, पण माझ्यासाठी काढलेत."

"पान्यातून काढलं त्याचा वाटा पडतो," तो म्हणाला आणि एक किडा चुकून जास्त गेला होता तो उचलून शेजारच्या पानावर ठेवला. "ज्याचा पाय ओला त्याचा वाटा."

गुरुजींनी खाली मान घालून मला समजावलं. डोह उपसला की पाण्यात जो जो उतरला, लहान असो की मोठा, त्याला सारखा वाटा. आजारी म्हणून घरी राहिलेल्याला त्याच्या वतीनं कोणी उतरलं तर वाटा. काठावर बसलेल्याला नाही, मग तो कोणी का असेना. विकत द्यायचा नाही, विकत घ्यायचा नाही. "मॅडम, हे माझ्याही हातात नाही," ते म्हणाले. "मागे एकदा मी काठावर बसून हजेरी घेत होतो, तर मला पण नाय भेटला."

मी माझ्या पायांकडे पाहिलं. चपला कोरड्या ठणठणीत होत्या. मी लाहनूबाबाशी हुज्जत घातली, विज्ञान सांगितलं, माझ्या नदीचं काय होईल ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये हुंकार दिला आणि वाटे घालत राहिला. माझं बोलून संपेस्तोवर जो तो आपापलं पान उचलून घरी गेला होता.

मग मला सुचलं की नियम विकायचा नाही असा आहे, मागायचा नाही असा नाही. मी घरोघर गेले. पहिल्या घरी विचारलं, "बाई, तुमच्या वाट्यातले किडे मला देता?" ती खळखळून हसली आणि तिनं अंगणाकडे बोट दाखवलं. अंगणात कोंबडी चोच पुसत होती. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. किडे कोणी खात नाही, पण वाटा वाया घालवायचा नाही, म्हणून सगळ्या पाड्यानं ते एकमतानं कोंबड्यांना घातले होते. सह्याद्रीतल्या निर्मळ जलचरांचा माझा संग्रह माझ्या डोळ्यांदेखत अंडी द्यायच्या मार्गाला लागला होता. मी मटकन एका ओट्यावर बसले. माझी नदी आता नाला होणार आणि तिच्यावर गाड्या लागणार, हे मला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं.

समोर, सोनीबायच्या ओट्यावर पोतनीस बसले होते. अंगावर तिच्या नवऱ्याचं धोतर, मांडीवर पळसाचं पान. पानावर दोन शिंगट्या, थोडे झिंगे, एक टपोरा खेकडा आणि मूठभर किडे, सगळे वळवळणारे. घसरून का होईना, पोतनीस पाण्यात उतरले होते. त्यांना पुरता वाटा मिळाला होता.

त्या पाड्यावर उरलेले किडे तेवढेच. आणि ते ज्याच्या मांडीवर होते त्याला स्लॅब हवा होता.

आसपासच्या चुलींवरून खेकड्यांच्या रश्श्याचा वास यायला लागला होता. सोनीबाय दारात उभी राहून म्हणाली, "आण, शिजवतां. किडं कोंबडीला टाक."

पोतनीस पानाकडे बघत राहिले. मी रिकामी बाटली घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसले. बोलून त्या दिवशी माझं काही भलं झालं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी सगळी नोकरी चेंबरमध्ये उतरण्यात गेली. वर आलो की लोक नाकाला रुमाल लावून बाजूला होतात. घरी बायको आंघोळीआधी आत घेत नाही, आणि बरोबरच आहे तिचं. पाण्यात उतरलो म्हणून कोणी काही दिलं, असं आजवर झालं नव्हतं." त्यांचा नाकातला आवाज जरा जास्तच नाकात गेला होता. मग त्यांनी लाहनूबाबाला हाक मारली. "बाबा, माझ्या वाट्याचं मी काय वाटेल ते करू शकतो?"

"तुजा वाटा. खा, दे, डोक्याव घाल."

पोतनीसांनी किडे एकेक करून माझ्या बाटलीत सोडले. झाकण लावलं, मलमल बांधली, सुतळी गुंडाळली आणि ओल्या हातांनी लाख ओतून मोहोर मारली. शिंगट्या आणि झिंगेही दुसऱ्या बाटलीत गेले. खेकडा हातात घेतल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. त्यांनी खेकड्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "खेकड्यावाचून चालेल."

तरीही त्यांनी तो पंचनाम्यातून वगळला नाही. माणूस नियमाचा पक्का. गुरुजी आणि लाहनूबाबा हे पंच. त्यांच्या समक्ष पोतनीसांनी सकाळी लिहिलं की सदर प्रवाहात मिळालेला एक खेकडा साक्षीदाराने पंचांसमक्ष रश्श्यात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत साक्षीदाराची प्रकृती उत्तम राहिली, सबब पाणी निर्धोक. गुरुजींनी सही केली, लाहनूबाबानं अंगठा उठवला. आदल्या रात्री जेवताना सोनीबायनं आपल्या वाट्यातला अर्धा खेकडा माझ्या ताटात टाकला. मी तो हक्क नसताना खाल्ला आणि हाडापर्यंत चोखला, खेकड्याला हाडं नसली तरी.

परत आल्यावर

बाटल्यांची सीलं समितीपुढे फोडली. अध्यक्षांनी भिंगातून किडे पाहिले आणि पंचनामा दोनदा वाचला. "आता आपल्या प्रवाहात असलं काही सापडतं का बघू. मॅडम, तुमचा एखादा शिपाई पाठवा नमुना आणायला."

पोतनीस उभे राहिले. "साहेब, तिथं उतरून पकडलंय. तुलना करायची तर पद्धत सारखी हवी."

त्यात कोणाला खोट काढता येईना. म्हणून एका सकाळी सगळी समिती आमच्या नदीच्या काठावर जमली, गावाबाहेर, जिथे ती डोंगरातून शहरात शिरते. रंगाचे कारखाने तिथवर पोचलेले होते, त्यामुळे तिथेही वास होताच. रंग त्या दिवशी फिका जांभळा होता. समितीचे लोक इस्त्रीच्या कपड्यांत, रुमाल नाकाला लावून, एकमेकांकडे बघत उभे राहिले. पोतनीसांनी रबरी बूट आणले नव्हते. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते उतरले. मी साडी खोचली आणि त्यांच्या मागोमाग गेले. चपला काढायच्या राहिल्या. पाणी कोमट होतं. ते पायाला लागलं आणि मला शहारे आले, ते किळसेनं की कशानं हे मला अजून सांगता येणार नाही.

आम्ही दगड उलटले. दगड म्हणजे विटा, फरश्यांचे तुकडे, एक फुटकं बेसिन. लाल अळ्या निघाल्या, घाणीतच राहणाऱ्या. प्लॅस्टिक निघालं. वरून अध्यक्ष म्हणाले, "झालं का? उन्हं चढतायत." बेसिनचा शेवटचा तुकडा पोतनीसांनी उचलला आणि ते तसेच वाकलेले राहिले. खाली खेकडा होता. लहान, काळपट, एक नांगी तुटलेला. डोहातला, पंचनाम्यात नोंदलेला होता त्याच जातीचा.

मी त्याला ओंजळीत घेऊन वर आले. समिती पुढे झाली. पोतनीसांनी खिशातून वर्तमानपत्र काढलं, त्याचे दोन तुकडे केले आणि ते काठावर शेजारी शेजारी मांडले. त्यांच्यावर त्यांनी लाल अळ्या मोजूनमापून सारख्या घातल्या आणि खेकडा माझ्या कागदावर ठेवला.

"हे काय चाललंय?" अध्यक्षांनी विचारलं. "तो नमुना समितीचा आहे. इकडे द्या."

"समिती कोरडी आहे, साहेब," पोतनीस म्हणाले.

मग त्यांनी वाट्याची पद्धत सांगितली, माझ्या काठावर उभं राहण्यासकट. कोणी हसेल असं मला वाटलं होतं. अध्यक्ष आपल्या बुटांकडे बघत होते. आयुष्यभर खुर्चीत बसून पाण्याचे निर्णय घेतलेल्या त्या माणसाला, माझ्या कागदावर खेकडा आहे आणि आपल्यापुढे कागदच नाही, हे सहन होईना. त्यांनी फाइल शिपायाकडे दिली, खाली बसले आणि नाड्या सोडायला लागले. त्यांना पाहून दुसरे बसले, मग तिसरे. पोतनीस वर्तमानपत्राचे आणखी तुकडे करत राहिले.

एका खेकड्याचे तेवढे वाटे होईनात. नांगी द्यावी तर तीही एकच होती. बराच खल झाला, आणि तो सगळा गुडघाभर जांभळ्या पाण्यात उभं राहून झाला. शेवटी सगळ्यांच्या संमतीनं खेकडा जिथून काढला तिथेच सोडायचं ठरलं. मी त्याला बेसिनच्या तुकड्याशेजारी ठेवलं. तो तिरपा चालत आत गेला.

अहवाल अध्यक्षांनी स्वतः लिहिला. पहिल्याच ओळीत त्यांनी तिला नदी म्हटलं होतं. पण त्या सकाळी एवढं लांबचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. खेकडा दिसेनासा झाला तरी सगळे तिथेच वाकून बघत उभे होते, आणि पाण्यातून बाहेर यायची कोणाला घाई नव्हती.